दुखणे उतरले, जुलाब मात्र तसेच: ॲक्युपंक्चर उपचाराचे एक प्रकरण

या प्रकरणातील रुग्ण ४३ वर्षांच्या एक बाई असून त्यांचा बहुतेक दिवस हिशेबाच्या कामात बसून जातो. ओळख पटू नये म्हणून त्यांचे व्यक्तिगत तपशील येथे गाळले आहेत. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या कागदांवर जुलाबप्रधान ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’, म्हणजे बोलण्यात रुळलेला आयबीएस, हे निदान दीड वर्षापासून होते. सहा वर्षांपासून पोट दुखते, कळ आली की शौचास जावे लागते, जाऊन आल्यावर कळ ओसरते आणि कामाचा ताण वाढला की सगळेच वाढते, अशी त्यांची तक्रार होती. दिवसातून चार-पाच वेळा शौच होत असे आणि त्यांतल्या तीन वेळा घराबाहेर पडण्याआधीच्या. मळ ब्रिस्टल मोजपट्टीवरच्या सात प्रकारांपैकी सहाव्या प्रकारचा, म्हणजे कडा विरलेल्या लगदेवजा तुकड्यांचा होता. कामावर पोहोचेपर्यंत वाटेत कोठे कोठे स्वच्छतागृह आहे, हे त्यांना तोंडपाठ होते.

ॲक्युपंक्चरसाठी येणारा रुग्ण बहुधा इतर उपाय करून थकलेला असतो, त्यामुळे त्याचे निदान पक्केच आहे असे धरून चालण्याचा मोह उपचार करणाऱ्याला होतो. तो टाळण्यासाठी मी कागद पुन्हा तपासले. पचनसंस्थेच्या अशा विकारांचे निदान करण्यासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या २०१६ सालच्या रोम-४ निकषांनुसार आयबीएस म्हणण्यासाठी गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोट दुखलेले असावे लागते आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळांतील बदलाशी किंवा मळाच्या स्वरूपातील बदलाशी, या तिन्हींपैकी किमान दोहोंशी संबंध असावा लागतो. शिवाय तक्रार निदानाच्या किमान सहा महिने आधी सुरू झालेली असावी लागते. या बाईंच्या बाबतीत हे सारे जुळत होते. शौचातून रक्त, वजनातील घट, पंडुरोग, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यांपैकी धोक्याची एकही खूण नव्हती. रक्ततपासणी, थायरॉइड, सीलिॲक आजाराची (गव्हातील ग्लूटेन न सोसण्याच्या विकाराची) प्रतिपिंडे आणि आतड्यातील दाह दाखवणारे मळातील कॅलप्रोटेक्टिन यांचे अहवाल ठीक होते. कोलोनोस्कोपी झाली होती आणि तीत घेतलेल्या बायोप्सीतही काही आढळले नव्हते. जुन्या आजारांच्या रकान्यात त्यांनी एका ओळीत लिहिले होते: ‘चार वर्षांपूर्वी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, त्रास नाही.’ ती ओळ मी वाचली, तिच्यापुढे खूण केली आणि पुढे गेलो.

चिनी वैद्यकाच्या चौकटीतील निदान

येथे शब्दांचा घोळ आधी सोडवला पाहिजे. चिनी वैद्यकात ‘प्लीहा’ म्हटले की शरीरशास्त्रातील प्लीहा समजायची नसते, कारण त्या अवयवाचा पचनाशी फारसा संबंध नाही. ‘फी’ या चिनी शब्दाने खाल्लेल्याचे रूपांतर करणे आणि त्याचे सार शरीरभर पोहोचवणे या कार्याचा बोध होतो, आणि अनुवादकांनी त्याला प्लीहा हे नाव चिकटवले आहे. तसेच ‘गान’, म्हणजे यकृत, हे शरीरातील ‘ची’, म्हणजे प्राणशक्ती, मोकळेपणाने वाहती ठेवणारे कार्य आहे. राग, कुचंबणा, सततचा ताण यांनी ते आवळले जाते, असे ही परंपरा मानते. ली दोंगयुआन (११८०–१२५१) यांनी तर प्लीहा आणि जठर यांच्या दुबळेपणालाच बहुसंख्य आजारांचे मूळ मानले होते.

बाईंची जीभ फिकट, थोडी सुजल्यासारखी आणि कडांवर दातांचे ठसे उमटलेली होती. थर पातळ व पांढरा होता. डाव्या मनगटाची नाडी बोटाला ताणलेल्या तारेसारखी लागत होती, उजवीकडची मात्र दाबताच विरत होती. पोट चाचपताना बेंबीच्या डाव्या बाजूला, अंगठ्याच्या दोन रुंदींवर, बोट ठेवताच त्यांनी श्वास रोखला. ताणाने वाढणारे दुखणे, शौचानंतर मिळणारा उतार, जीभ आणि नाडी यांवरून ‘यकृताचा प्लीहेवर वरचष्मा’ हे निदान पाठ्यपुस्तकात शोभावे इतके स्पष्ट होते. या स्थितीविषयी परंपरेतले सूत्र असे की दुखण्याचा दोष यकृताकडे जातो आणि जुलाबांचा प्लीहेकडे. यकृत फार भरलेले असते आणि प्लीहा रिकामी. हे सूत्र मला तेव्हा फार समर्पक वाटले होते, आणि पुढच्या दोन आठवड्यांची चूक त्यातूनच झाली.

सुया आणि औषधी

पहिले चार आठवडे फक्त सुया आणि त्यानंतर औषधी, असा क्रम मी मुद्दाम ठेवला. दोन्ही एकदम सुरू केल्या की कशाने काय झाले हे सांगता येत नाही. हा क्रम ठेवूनही ते पूर्णपणे सांगता येत नाही, पण निदान घोळ थोडा कमी होतो. सुया एकदाच वापरण्याच्या, निर्जंतुक, पाव मिलिमीटर जाडीच्या होत्या. आठवड्यातून दोन बैठका ठरवल्या आणि प्रत्येक बैठकीत सुया पंचवीस मिनिटे ठेवल्या. बिंदू असे निवडले: दोन्ही पायांवर गुडघ्याखाली झूसानली आणि त्याच्या तीन त्सुन खाली, मोठ्या आतड्याशी जोडला जाणारा शांगज्यूशू, बेंबीच्या दोन्ही बाजूंना त्येनशू, बेंबीच्या चार त्सुन वर मध्यरेषेवर झोंगवान, पावलावर अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या हाडांमधील खोबणीत थायचोंग, आणि मनगटाच्या आतल्या बाजूस नेइग्वान. त्सुन हे माप रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीवरून घेतात, त्यामुळे उंच माणसाचा झूसानली त्याच्या मापाने खाली येतो आणि ठेंगण्याचा वर. रुग्णाची चार बोटे गुडघ्याच्या वाटीखालच्या बाहेरील खळग्यापासून आडवी ठेवली की तीन त्सुन भरतात, आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर झूसानली सापडतो.

सुई योग्य जागी पोहोचली की जी संवेदना येते तिला ‘दे-ची’ म्हणतात. गळाला मासा लागल्यासारखी सुई ओढली जाते, असे तिचे जुने वर्णन आहे, आणि ज्याच्या बोटांनी हा ओढ एकदा अनुभवला त्याला ते वर्णन अतिशयोक्त वाटत नाही. बाईंनी पहिल्या बैठकीत ती ‘पायात शिसे ओतल्यासारखी’ घोट्यापर्यंत उतरल्याचे सांगितले. तिसऱ्या बैठकीत सुया लावून दहा मिनिटे झाली असतील, तेव्हा पोटातून खोलीत ऐकू येईल असा गुडगुडाट झाला आणि त्या ओशाळून हसल्या. अशा गुडगुडाटाला प्राणिप्रयोगांत थोडा आधार मिळतो: उंदरांच्या मागच्या पायाला सुईने चेतवले की जठराची हालचाल व्हेगस मज्जातंतूमार्फत वाढते, आणि पोटाला चेतवले की अनुकंपी (सिंपथेटिक) मज्जासंस्थेमार्फत ती मंदावते. १९७१ साली अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर बीजिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर पोट फुगून बेजार झालेले असताना त्यांच्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया लावण्यात आल्या. त्यांच्या वृत्तांतामुळे पाश्चात्त्य जगात ॲक्युपंक्चरचे कुतूहल वाढले. त्यांची शस्त्रक्रियाच सुयांच्या भुलीखाली झाली, असे आजही अनेक जण सांगतात; भूल प्रत्यक्षात नेहमीच्या औषधांची होती आणि सुया लावल्या त्या पोटातल्या वायूसाठी.

पाचव्या आठवड्यापासून ‘थोंग श्ये याओ फांग’ हा चार घटकांचा योग सुरू केला. झू दानशी (१२८१–१३५८) यांच्या शिकवणीतून पुढे आलेल्या या योगाच्या नावाचाच अर्थ ‘दुखून होणाऱ्या जुलाबांसाठीचा महत्त्वाचा योग’ असा होतो. त्यात प्लीहेला बळ देणारा बाइझू सर्वांत जास्त, त्याखालोखाल यकृताला सैल करणारा बाइशाओ, मग संत्रावर्गीय फळाची वाळवलेली साल छनफी आणि सर्वांत कमी फांगफंग असतो. औषधी देण्याआधी यकृत आणि मूत्रपिंडांच्या चाचण्या करून घेतल्या. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीस बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीच्या जागी नावात साम्य असलेली, ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली दुसरी वनस्पती गेली आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. तो अनुभव ठाऊक असताना घटकांची ओळख तपासलेला पुरवठादार आणि आधीच्या चाचण्या या दोन्हींवाचून औषधी देणे मला गैर वाटते.

बेरजेने लपवलेली गोष्ट

मोजमापासाठी आयबीएसच्या तीव्रतेची रूढ गुणपद्धती वापरली. तीत दुखण्याची तीव्रता, दुखण्याचे दिवस, पोटफुगी, शौचाविषयीचे असमाधान आणि जगण्यातील अडथळा अशा पाच बाबींना प्रत्येकी १०० गुण असतात. एकूण ५०० पैकी ३०० च्या वर गेले की आजार तीव्र समजतात आणि ५० गुणांची घट ही खरी सुधारणा मानतात. सुरुवातीला बाईंचे गुण ३१५ होते. चौथ्या आठवड्याअखेर ते २३५ वर आले आणि आठव्या आठवड्याअखेर २०५ वर. म्हणजे ११० गुणांची घट झाली, आवश्यक घटीच्या दुपटीहून अधिक. कागदावर हा उपचार यशस्वी होता आणि मी तसे मानलेही.

पण बेरीज सोडून बाबी वेगळ्या पाहिल्या की चित्र पालटते. दुखण्याची तीव्रता ६५ वरून २५ वर आणि दुखण्याच्या दिवसांचे गुण ७० वरून ३० वर आले होते. शौचाविषयीच्या असमाधानाचे गुण पहिल्या दिवशी ७० होते, चौथ्या आठवड्यात ७० होते आणि आठव्या आठवड्यातही ७० होते. सकाळच्या तीन फेऱ्या, सहाव्या प्रकारचा मळ आणि वाटेतली स्वच्छतागृहे, यांत तसूभरही फरक पडलेला नव्हता. बाई ते सांगतही होत्या, पण दुखणे कमी झाल्याचे समाधान इतके मोठे होते की त्या ते उरकल्यासारखे सांगत आणि मीही तसेच ऐकत असे.

या फरकाकडे माझे लक्ष गेले तेव्हा परंपरेचे सूत्र तयारच होते. दुखण्याचा दोष यकृताचा आणि दुखणे गेले, म्हणजे यकृत सैल झाले. जुलाबांचा दोष प्लीहेचा आणि जुलाब उरले, म्हणजे प्लीहा अजून दुबळी आहे. त्याप्रमाणे मी थायचोंग सोडला, प्लीहेला बळ देणारे पाठीवरचे बिंदू घेतले आणि योग बदलून ‘शन लिंग बाइझू सान’ दिला. दोन आठवडे गेले, फरक शून्य. तरीही चौकट अडली नाही. पहाटे किंवा सकाळी होणारे जुलाब हे मूत्रपिंडांची ऊब कमी झाल्याचे लक्षण, असे परंपरेत स्वतंत्र निदान आहे आणि त्यासाठी ‘स शन वान’ हा योगही आहे. एखाद्या पद्धतीला आपल्या अपयशाचे स्पष्टीकरण नेहमीच देता येत असेल, तर ‘आता थांब’ हे ती पद्धत स्वतःहून कधीच सांगणार नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते.

मला थांबवले ते एका किरकोळ नियमाने. ‘स शन वान’मध्ये बुगूझी नावाचे बी असते आणि त्याने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तो योग देण्याआधी यकृत आणि पित्तमार्गाचा इतिहास नव्याने विचारण्याची माझी पद्धत आहे. मी विचारले, “यकृताचा किंवा पित्ताचा कधी काही त्रास?” त्या म्हणाल्या, “पित्ताशय काढलंय ना. तेव्हापासूनच तर सकाळची ही धावपळ.”

“दुखणं सहा वर्षांचं आहे म्हणालात ना?”

“दुखणं सहा वर्षांचं. धावपळ त्या ऑपरेशननंतर काही महिन्यांनी सुरू झाली. पण सगळं पोटाचंच, म्हणून मी एकत्रच सांगते.”

मग सारा क्रम उलगडला. सहा वर्षांपूर्वी पोट दुखू लागले. त्याची कारणे शोधताना सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, दुखणे त्यांचेच असावे असे समजून पित्ताशय काढले गेले, पण दुखणे तसेच राहिले, कारण ते खड्यांचे नव्हतेच. त्यानंतर जुलाब सुरू झाले आणि जुन्या दुखण्यात मिसळून गेले. म्हणजे या दोन तक्रारींच्या जन्मतारखा वेगवेगळ्या होत्या आणि आम्ही सर्वांनी, त्यांच्यासकट, दोन्हींची एकच जन्मतारीख धरली होती. मी त्यांची रोजनिशी पुन्हा उघडली. रात्रीचे जेवण तेलातुपाचे झाले की दुसऱ्या सकाळची नोंद वाईट, हे दहा आठवड्यांत सहा वेळा त्यांच्याच अक्षरात लिहिलेले होते.

पित्ताम्लांचे जुलाब

यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले तयार करते आणि पित्ताशय जेवणाच्या वेळेपर्यंत ती साठवून ठेवते. आतड्यात आलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषली जाऊन यकृताकडे परततात. पित्ताशय काढल्यावर पित्त सतत झिरपत राहते आणि काही जणांत पित्ताम्लांचा जादा वाटा मोठ्या आतड्यात उतरतो. तेथे ती पाणी ओढून घेतात आणि आतड्याची हालचाल वाढवतात. पित्ताशय असलेल्यांतही हे घडू शकते: जुलाबप्रधान आयबीएस असे निदान झालेल्यांपैकी सुमारे पाव किंवा त्याहून अधिक रुग्णांत तपासणीअंती पित्ताम्लांचा दोष आढळला आहे. कोलोनोस्कोपीत तो दिसत नाही आणि नेहमीच्या रक्ततपासणीतही नाही.

अकराव्या आठवड्यात मी सर्व सुया आणि औषधी थांबवून, दोन्ही तक्रारींचे कालक्रम वेगळे लिहून, त्यांना पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवले. यासाठीची सेहकॅट ही खास चाचणी अनेक देशांत उपलब्ध नसते. या प्रकरणातही ती करता आली नाही, म्हणून तज्ज्ञांनी पित्ताम्लांना आतड्यातच बांधून ठेवणारे कोलेस्टिरामिन रोज ४ ग्रॅम देऊन पाहिले. हे औषध इतर औषधांनाही बांधून ठेवते, त्यामुळे बाकीची औषधे त्याच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावी लागतात. वनस्पतिजन्य काढे आणि चूर्णे या नियमातून सुटतात असे मानण्याचे काही कारण नाही. सहाव्या दिवशी बाईंचा सकाळच्या एकाच फेरीचा निरोप आला. चौदाव्या आठवड्याअखेर एकूण गुण १२० होते आणि शौचाविषयीच्या असमाधानाचे २०. दुखण्याच्या दोन्ही बाबी आठव्या आठवड्यात होत्या तेथेच, २५ आणि ३० वर, होत्या.

‘यकृत’ हा शब्द दोन्ही निदानांत आला, हा केवळ योगायोग आहे. तो जुळवून प्राचीनांना पित्ताम्ले ठाऊक होती असे सुचवण्याची हौस आमच्या क्षेत्रात आढळते. तिला बळी पडू नये.

सुयांनी नेमके काय केले

औषध देऊन गुण पाहणे आणि सुया लावून गुण पाहणे, या दोन्हींत तुलनेला कोणी नसणे ही उणीव सारखीच आहे. कोलेस्टिरामिनच्या बाबतीत ती थोडी भरून निघाली. पुढे प्रवासात बाईंचे औषध आठ दिवस चुकले, तेव्हा पाच फेऱ्या परत आल्या, आणि औषध सुरू करताच पुन्हा गेल्या. सुयांच्या बाबतीत अशी कोणतीही कसोटी लागलेली नाही. दुखणे सर्वांत जास्त असतानाच माणूस उपचाराला येतो आणि अशा वेळी ते आपोआपही काहीसे उतरते. त्यात दर आठवड्याला शांतपणे पडून राहण्याचा आणि कोणी लक्ष देऊन ऐकण्याचा लाभ मिळतो तो वेगळाच.

हा लाभ किती असू शकतो, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधक टेड कापचुक आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात दिसले. आयबीएसच्या २६२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले: नुसते थांबलेले, टोचण्याचा केवळ आभास देणाऱ्या लटक्या सुया मोजक्या बोलण्यासह मिळालेले, आणि त्याच लटक्या सुया आपुलकीच्या सविस्तर संवादासह मिळालेले. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम वाटल्याचे सांगणारे अनुक्रमे २८, ४४ आणि ६२ टक्के होते. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या, आयबीएसमधील ॲक्युपंक्चरवरील २०१२ च्या आढाव्यात १७ चाचण्या आणि १,८०६ रुग्ण होते. लटक्या सुयांशी तुलना करणाऱ्या चाचण्यांत खऱ्या सुया सरस ठरल्या नाहीत. पचनाच्या सगळ्याच तक्रारींविषयी चित्र असे नाही. जेवणानंतर पोट गच्च होण्याच्या विकारावरील २०२० सालच्या २७८ रुग्णांच्या चिनी चाचणीत आणि तीव्र बद्धकोष्ठावरील २०१६ सालच्या १,०७५ रुग्णांच्या चाचणीत खऱ्या सुयांचा गट लटक्या सुयांच्या गटाच्या पुढे होता. औषधींसंबंधी १९९८ साली ऑस्ट्रेलियात आयबीएसच्या ११६ रुग्णांवर चाचणी झाली. तीत ठरावीक योग आणि व्यक्तीनुसार केलेला योग, दोन्ही लटक्या औषधापेक्षा सरस ठरले. उपचार संपल्यानंतर चौदा आठवड्यांनी मात्र सुधारणा व्यक्तीनुसार योग घेतलेल्यांतच टिकली होती.

हे सारे समोर ठेवून मी बाईंच्या नोंदीत असे लिहिले: दुखण्यातील सुधारणा उपचाराच्या काळात झाली, तिचे श्रेय बिंदूंना किती, वेळेला किती आणि संवादाला किती, हे या नोंदीवरून ठरत नाही. औषधींविषयी लिहिणे आणखी अवघड होते, कारण ती सुरू झाली तेव्हा दुखण्यातील मोठी घट आधीच होऊन गेली होती.

सहा महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. कोलेस्टिरामिन सुरूच होते आणि ते दीर्घकाळ घेताना स्निग्धविद्राव्य जीवनसत्त्वे कमी पडू शकतात म्हणून तज्ज्ञांनी त्यांची तपासणी लावली होती. वर्षअखेरीच्या हिशेबाच्या दिवसांत दुखणे पुन्हा डोके वर काढत होते, आणि त्यासाठी त्यांना सुयाच हव्या होत्या. वरची आकडेवारी मी त्यांना समजावून सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि चार बैठकांची वेळ मागितली. ती मी दिली, औषधी मात्र पुन्हा सुरू केल्या नाहीत. या वेळी रोजनिशीत दुखणे आणि शौच यांची पाने वेगळी ठेवली आहेत. शौचाच्या पानावर रोज एकच ओळ येते.